भाव कोण ठरवतो?

एका मे महिन्यातील रविवारची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही सारे घरी परतलो होतो. वेसाव्यातील आमच्या जुन्या घराच्या ओटीवर चहा चालला होता आणि विषय निघाला होता धाकट्या भावाच्या मुलीचा. तिचा बारावीचा निकाल नुकताच लागला होता. गुण चांगले पडले होते. भावाची इच्छा होती, तिने वाणिज्य शाखेत जाऊन पुढे सनदी लेखापाल व्हावे. भावजयीच्या मते बँकेच्या परीक्षा द्याव्यात. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "मला अर्थशास्त्र घेऊन बी. ए. करायचं आहे."

भावाने माझ्याकडे असे पाहिले की जणू गुन्हा माझाच होता. एका अर्थी तो होताही. उपनगरातील एका महाविद्यालयात मी तीस वर्षे हाच विषय शिकवला आणि त्याची पुस्तके त्या घरात पसरून ठेवली. नोकरी मिळेल का, पगार किती, पदवी तीन वर्षांची की नव्या धोरणानुसार चार वर्षांची, असे बोलणे पुढे चालू राहिले. आमची आई कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने आता नव्वदीकडे वाटचाल केली आहे. ती मान वर न करता म्हणाली, "पगाराचं राहू द्या. ते शिकून माणूस चांगला होतो की नुसता हुशार होतो, एवढं सांगा." आणि मग माझ्याकडे पाहून, "तू तीस वर्षं शिकवलंस ना? तूच सांग."

मला चटकन उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. आपल्या अनेक घरांतून आज मुले-मुली याच वळणावर उभी असतील. म्हणून ते उत्तर चार भिंतींच्या बाहेर मांडण्याचे धाडस करतो.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. अर्थशास्त्र म्हणजे पैसा मिळवण्याची विद्या, अशी समजूत सर्वत्र आढळते. मी शेजारच्यांना कधी कुठल्या कंपनीचे समभाग घ्यावेत हे सांगू शकलो नाही, याचे त्यांना नेहमी नवल वाटत आले. वस्तुतः पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला विद्यार्थ्यासमोर पैसा येतच नाही, टंचाई येते. गरजा अनेक, साधने थोडी, आणि त्या साधनांचे उपयोगही अनेक. वेसाव्याच्या मुलाला हे समजावण्यासाठी मला पुस्तकाची गरज पडत नसे. डोलीच्या जाळ्यात आलेले बोंबील ताजे विकता येतात, वाळवून पावसाळ्यासाठी ठेवता येतात किंवा घरच्या पोरांच्या ताटात वाढता येतात. एक केले की दुसरे हातचे जाते. जे हातचे गेले, तीच खरी किंमत. या कल्पनेला आमच्या शास्त्रात 'संधी खर्च' असे नाव आहे. संसार करणाऱ्या प्रत्येक आईला तो ठाऊक असतो. नाव तेवढे ठाऊक नसते.

आपली भाषा या बाबतीत मोठी मार्मिक आहे. 'अर्थ' म्हणजे धन आणि 'अर्थ' म्हणजे आशयही. 'पत' म्हणजे उधार मिळण्याची पात्रता आणि 'पत' म्हणजे अब्रूही. 'भाव' म्हणजे बाजारातील दर आणि 'भाव' म्हणजे अंतःकरणातील श्रद्धा. एकाच शब्दात बाजार आणि अंतःकरण शेजारी शेजारी नांदतात. आईचा प्रश्न नेमका या शेजाराविषयी होता. बाजारातला भाव शिकता शिकता माणसाच्या अंतःकरणातला भाव आटतो का?

हा प्रश्न तिने मलाच विचारावा, यालाही एक कारण होते. तिने ते बोलून दाखवले नाही. पण ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

१९८० साली मी पदवीच्या पहिल्या वर्षाला होतो. मागणी, पुरवठा आणि नाशवंत माल हे प्रकरण त्याच आठवड्यात वर्गात झाले होते. आईने संध्याकाळी पाच रुपये देऊन मला बोंबलाचा एक वाटा आणायला पाठवले. बाजार उठायच्या बेतात होता. एका वयस्क कोळीण मावशीपुढे दोन वाटे उरले होते. तिच्याजवळ बर्फ नव्हता आणि आकाशात दिवस फारसा उरला नव्हता. माझ्या डोक्यात वर्गातील फळ्यावरची आकृती उजळली. माल नाशवंत, साठवणीची सोय नाही, गिऱ्हाईक एकच. म्हणजे भाव मी ठरवणार. मी पाठ फिरवून दहा पावले चालून गेलो. तिने हाक मारली. पाचाचा वाटा मी अडीच रुपयांत घेतला. "ने रे बाबा, ने," एवढेच ती म्हणाली.

घरी येऊन मी हा पराक्रम आईला मोठ्या अभिमानाने सांगितला. उरलेले अडीच रुपये तिच्या हातावर ठेवले आणि वर सिद्धांतही समजावून दिला. आईने सारे ऐकून घेतले. मग ते पैसे परत माझ्या मुठीत घातले आणि म्हणाली, "तिच्याकडे बर्फ नव्हता, हे तुला दिसलं. मग तू काय केलंस?" मी पुन्हा बाजारात गेलो. मावशी पाटी डोक्यावर घेऊन निघाली होती. मी पैसे पुढे केले, तेव्हा ती क्षणभर माझ्याकडे संशयाने पाहत राहिली आणि मग त्यांतला एक रुपया मला परत देऊन उरलेले कमरेला खोचून निघून गेली. तो परत केलेला रुपया मला आजही कोड्यात टाकतो.

या प्रसंगातून कोणी असा निष्कर्ष काढील की, अर्थशास्त्रानेच मुलाला बिघडवले. तशी शंका जाणत्यांनीही घेतली आहे. १९८१ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्वेल आणि एम्स या दोन संशोधकांनी केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. काही जणांना थोडी रक्कम द्यायची. ती स्वतःसाठी ठेवायची की सर्वांच्या हिताच्या निधीत घालायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी इतरांपेक्षा बरीच कमी रक्कम निधीत घातली. त्यानंतर १९९३ साली फ्रँक, गिलोविच आणि रीगन यांनी हाच प्रश्न अधिक खोलात जाऊन तपासला आणि या शिक्षणाने सहकार्याची वृत्ती कमी होते, असे सुचवले. हा विषय शिकून माणूस स्वार्थी होतो की मुळात तशी वृत्ती असलेलेच या विषयाकडे वळतात, यावर वाद आहे. परंतु शिक्षकाने ही गोष्ट झटकून टाकू नये. सतत 'माणूस आपला लाभ पाहतो' असे गृहीत धरून गणिते सोडवली की, लाभ न पाहणारा माणूस मूर्ख वाटू लागण्याचा धोका असतो. गृहीतक हळूहळू उपदेश बनते.

इथेच एक भेद स्पष्ट करायला हवा. पुस्तकाने मला सांगितले होते की, बर्फ नसलेल्या विक्रेत्याचा भाव पडतो. ते खरे होते आणि आजही खरे आहे. 'तू तो पाड' असे पुस्तकाने म्हटले नव्हते. 'असे असते' या वाक्याचे मी गुपचूप 'असे करावे' असे भाषांतर केले. दोष शास्त्राचा नव्हता. पण शास्त्राने मला त्या चुकीपासून सावधही केले नव्हते. सावध केले ते आईने. आधुनिक अर्थशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो ॲडम स्मिथ ग्लासगो विद्यापीठात नीतितत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. राष्ट्रांच्या संपत्तीवरील ग्रंथ त्याने १७७६ साली लिहिला, तो माणसाच्या नैतिक भावनांवरील ग्रंथानंतर सतरा वर्षांनी. म्हणजे जन्माच्या वेळी हे शास्त्र नीतीच्या घरातच होते. पुढे ते वेगळे राहू लागले.

मग हा विषय शिकूच नये का? केवळ दयाळू अंतःकरण पुरेसे आहे का? माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारणही त्याच संध्याकाळच्या अनुभवात आहे. आईने पूर्ण भाव दिला, त्यामुळे एका बाईची एक संध्याकाळ सावरली. पण दुसऱ्या दिवशीही तिच्याजवळ बर्फ नव्हताच. तिसऱ्या दिवशी एखादा दलाल तिच्यासमोर उभा राहिला असणार आणि त्याला आमच्या आईसारखी आई नसणार. बर्फ का नव्हता? बर्फाच्या कारखान्याला भांडवल लागते. भांडवलाला पत लागते. जिच्यापाशी गहाण ठेवायला काही नाही, तिला पत कोण देणार? किनाऱ्यावरील मच्छीमारांनी सहकारी संस्था उभ्या केल्या, एकत्र येऊन बर्फाची, डिझेलची, विक्रीची सोय पाहिली, तेव्हा अशा कित्येक बायांच्या शेकडो संध्याकाळी सावरल्या. दयेने अडीच रुपये परत जातात. बर्फ मात्र विचारपूर्वक केलेल्या हिशेबातून येतो. आणि तो हिशेब मांडण्याची इच्छा पुन्हा दयेतूनच येते. दोहोंपैकी एकावर भागत नाही.

दूरवरच्या माणसाचे दुःख नजरेस आणून देणे, हा या अभ्यासाचा आणखी एक गुण आहे. आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण देतो. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी उपवासासंबंधीच्या नियमांत बदल केले आणि त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील बिशपांनी, उपवासकाळ सोडून इतर शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची सक्ती उठवली. श्रद्धावंतांच्या दृष्टीने हा केवळ साधनेचा प्रश्न होता. फ्रेडरिक बेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने मात्र न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरील मासळीचे भाव तपासले. 'पोप आणि मासळीचा भाव' अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्याचा लेख १९६८ साली प्रसिद्ध झाला. या निर्णयानंतर तेथील मासळीचे भाव सरासरी १२.५ टक्क्यांनी उतरले, असे त्याला आढळले. निर्णय चूक होता, असे त्याचे म्हणणे नव्हते. पण रोममध्ये आणि वॉशिंग्टनमध्ये घेतलेल्या एका धार्मिक निर्णयाची झळ ज्याला कोणी विचारलेही नव्हते, त्या कोळ्याच्या चुलीपर्यंत पोचली. कोणाच्याही वाईट हेतूविना कोणाचे तरी नुकसान होऊ शकते, हे ज्याला एकदा कळले तो पुढे कोणताही निर्णय घेताना 'याची किंमत कोण मोजणार?' असे विचारू लागतो. मला हा प्रश्न विवेकबुद्धीच्या परीक्षणापासून फार दूरचा वाटत नाही.

हा प्रश्न आयुष्यभर विचारणारा एक थोर पुरुष आमच्या वेसाव्यातच राहून गेला, हे आमच्यातील पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. दादाभाई नौरोजी १९०७ साली इंग्लंडहून कायमचे परतले आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी वेसाव्याच्या समुद्रकाठी काढली. ३० जून १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हाचे वेसावे म्हणजे मुंबईबाहेरचे एक निवांत किनारी खेडे. ब्रिटिश संसदेत १८९२ साली निवडून गेलेला आणि तीनदा राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष झालेला हा वृद्ध गृहस्थ, आमच्या पणजोबांनी रोज पाहिलेल्या त्याच समुद्राकडे पाहत बसत असेल.

दादाभाईंपाशी अर्थशास्त्राची पदवी नव्हती. ते एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १८५५ साली कामा कंपनीचे भागीदार म्हणून ते लंडनला गेले आणि नैतिक कारणांवरून तीन वर्षांच्या आतच तिच्यातून बाहेर पडले. पुढे त्यांनी एक साधा प्रश्न हाती घेतला: हिंदुस्थानातील एका माणसाच्या वाट्याला वर्षाला किती येते? सरकारच्याच अहवालांतील पिकांचे आणि उत्पादनाचे आकडे घेऊन त्यांनी १८६७-६८ सालासाठी उत्तर काढले: दरडोई सुमारे २० रुपये. १८७६ साली त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपला निबंध मुंबईत वाचला आणि १९०१ साली त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ लंडनमध्ये निघाला.

पण २० रुपये म्हणजे थोडे की पुष्कळ? आकडा स्वतः बोलत नाही. त्याला कशाशेजारी तरी ठेवावे लागते. दादाभाईंनी तो तुरुंगाशेजारी ठेवला. कैद्याला जिवंत ठेवण्यासाठी सरकार त्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च करते, हे त्यांनी प्रांताप्रांताच्या अहवालांतून शोधले. माणसाच्या केवळ जगण्यासाठी निरनिराळ्या भागांत वर्षाला १६ ते ३५ रुपये लागतात, असा त्यांचा हिशेब झाला. कोणताही गुन्हा न केलेल्या, दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला तुरुंगातील कैद्याइतकेही येत नाही, ही गोष्ट त्या दोन आकड्यांनी सिद्ध केली. पुढे १८८२ साली बेअरिंग आणि बार्बर या सरकारी अधिकाऱ्यांनी आपला वेगळा अंदाज मांडला. तोही निघाला २७ रुपये! वाद २० आणि २७ यांच्यामध्ये राहिला; दारिद्र्य नाकारणे मात्र कोणाला शक्य राहिले नाही.

दादाभाईंच्या आधीही हिंदुस्थानच्या गरिबीबद्दल हळहळणारी माणसे होती, आणि सरकारी दप्तरांत आकडेही होते. हळहळ दिवाणखान्यात राहिली आणि आकडे कपाटात. दादाभाईंनी दोहोंची गाठ घातली. तुरुंगाचा खर्च आणि शेतकऱ्याचे उत्पन्न शेजारी ठेवण्याची कल्पना गणितातून आली नाही. माणसाचे मोल जाणणाऱ्या मनातून आली. आणि गणित नसते, तर त्या मनाचे कोणी ऐकले नसते.

हाच धागा पुढे आपल्या महाराष्ट्रात अनेकांनी जपला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन बी. ए. ची पदवी मिळवली. पुढे सिडनहॅम कॉलेजात ते १९१८ साली याच विषयाचे प्राध्यापक झाले आणि १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ निघाला. चलनासारख्या रुक्ष विषयातही त्यांची नजर नेमकी कुठे होती, हे पाहण्यासारखे आहे. रुपयाचे मोल घसरले की, मालकांना आणि निर्यातदारांना लाभ होतो, असे म्हटले जाई. आंबेडकरांनी दाखवले की, भाव वाढतात तितक्या वेगाने मजुरी वाढत नाही. तो लाभ मजुराच्या ताटातूनच निघतो. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज २२५० उष्मांक मिळतील एवढे खाण्यासाठी किती खर्च करणे भाग आहे, हा त्यांचा प्रश्न. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये आणि शहरात २२.५० रुपये, ही त्यांची रेषा होती. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेने पाय रोवले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला, तेव्हा काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले.

या सर्वांनी एकच गोष्ट शोधली असे मला वाटते. ती म्हणजे तळ. ज्याखाली माणसाला जाऊ देता कामा नये, असा तळ. बाजार वरचा भाव ठरवू शकतो. तळ मात्र बाजार ठरवत नाही. आपल्या ख्रिस्तसभेनेही नेमके हेच सांगितले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीवर काढलेल्या परिपत्रकाचा गाभा असा: मालक आणि कामगार यांनी राजीखुशीने करार केला, तरी ती मजुरी काटकसरीने राहणाऱ्या कामगाराच्या चरितार्थाला पुरत नसेल, तर तो करार न्याय्य होत नाही; गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भीतीने दिलेला होकार हा खरा होकार नव्हे. हे वाचताना मला ती संध्याकाळ आठवते. मावशीने मला हाक मारली होती. मी जबरदस्ती केली नव्हती. सौदा राजीखुशीचा होता! पण मावळत्या सूर्याने तिच्या गळ्यावर सुरी ठेवली होती आणि मी त्या सुरीचा भाडेकरू झालो होतो.

आमच्या किनाऱ्याकडून या शास्त्राला शिकण्यासारखेही काही आहे. १९६८ साली गॅरेट हार्डिन याने असा युक्तिवाद मांडला की, सर्वांच्या सामाईक मालकीची साधने माणसाच्या स्वार्थापायी अखेर नष्ट होतात. समुद्रातील मासळी हे त्याचे बिनतोड उदाहरण. प्रत्येकाने अधिक मारली की, उद्या कोणालाच मिळणार नाही. म्हणूनच आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पण एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीने खुर्चीत बसून गृहीत धरण्याऐवजी जगभरच्या अशा समाजांचा अभ्यास केला. तुर्कस्तानातील अलान्याच्या कोळ्यांनी चिठ्ठ्या टाकून आणि जागा पाळीपाळीने बदलून समुद्र आपसांत शांतपणे कसा वाटून घेतला, हे तिने दाखवून दिले. माणसे आपापसांत नियम करू शकतात आणि पाळूही शकतात. २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न घालणाऱ्या आमच्या कोळी बांधवांना हे ऐकून फारसे आश्चर्य वाटले नसते. पुस्तकातील माणूस आणि शेजारचा माणूस यांची गाठ घालून देणे, हे विद्यार्थ्याचे कामच आहे. ज्याने ते टाळले, तो चुकीच्या माणसाबद्दल बरोबर गणिते सोडवत राहतो.

आता आईच्या प्रश्नाकडे वळतो. अर्थशास्त्र शिकून माणूस चांगला होतो का? नाही, कोणत्याही विषयाच्या पदवीने माणूस चांगला होत नाही. चांगुलपणा घरातून, शेजारातून आणि परमेश्वराच्या कृपेने येतो. पण चांगल्या माणसाला हे शिक्षण डोळे देते. कोणाचा भाव कोण पाडतो, कोणाच्या स्वस्ताईचे बिल कोण भरतो, कोणत्या गोड घोषणेची किंमत कोणाच्या ताटातून वळती होते, हे त्याला दिसू लागते. आणि जो चांगला नाही, त्यालाही हे डोळे मिळतात. त्याला कोणाच्या पाटीत बर्फ नाही ते दिसते. म्हणून धोका आहेच. शिक्षण जितके तीक्ष्ण, तितकी ते धरणाऱ्या हाताची चौकशी अधिक व्हायला हवी. वैद्यकाच्या विद्यार्थ्याबाबत आपण ही काळजी घेतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याबाबतही ती घ्यावी. कारण पुढे तो धोरणे लिहितो आणि त्याची चूक एका रुग्णापुरती राहत नाही.

तेव्हा पालकांना माझी विनंती अशी की, मुलांना हा विषय पगाराच्या भीतीने नाकारू नका आणि पगाराच्या मोहाने घ्यायलाही लावू नका. मुलांना विनंती अशी की, प्रत्येक आकृतीतील रेषेच्या टोकाशी एक माणूस उभा आहे, असे समजून ती काढा. समतोल बिंदूपाशी बाजार शांत होतो. पण त्या शांततेत कोण गप्प बसले आहे, हे विचारायला विसरू नका.

हे सारे मी त्या रविवारी आईला इतक्या विस्ताराने सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "चांगला होत नाही, पण चांगला असेल तर उपयोगी पडतो." आईने सूप बाजूला ठेवले. नातीकडे पाहून म्हणाली, "मग शीक, पोरी. पण एक कर. घरची मासळी आणायला आजपासून तूच जायचं." आणि माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाली, "संध्याकाळची."